डिझेल पिकअप रिकामी, भरलेली आणि ट्रॉली ओढताना: ॲव्हरेज खरंच निम्म्यावर येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात सेकंडहँड डिझेल पिकअप घ्यायची आहे, पुण्याची भाडी मारायची आहेत, एका मंडपवाल्याकडून जनरेटरची ट्रॉली ओढायचं कामही मिळतंय. पण अमेरिकेतल्या पिकअपचे व्हिडिओ बघितले आणि त्यात ट्रेलर लावला की ॲव्हरेज निम्म्यावर आलेलं दिसलं, म्हणून धास्ती बसली.

धास्ती चुकीच्या गोष्टीची बसलीय. वजनाने ॲव्हरेज पडतं, पण लोक सांगतात तितकं नाही. उंचीने आणि वेगाने जास्त पडतं. आणि तुमच्या धंद्याला जे भोक पडणार आहे ते भरलेल्या गाडीने नाही, रिकाम्या गाडीने पडणार आहे.

माझी ही दुसरी पिकअप. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, दीड टनाचं पासिंग, म्हणजे कागदोपत्री दीड टन माल भरायची परवानगी. पहिल्या गाडीपासून डॅशबोर्डवर एक शंभर पानी वही ठेवलेली आहे. तारीख, किलोमीटर, लिटर, माल काय होता, आणि वारा किंवा पाऊस असला तर तेही. त्या वहीतून सांगतो. तुमची गाडी, तुमचा पाय आणि तुमचे टायर वेगळे, त्यामुळे आकडे इकडेतिकडे होतील, पण त्यांच्यातला फरक साधारण असाच राहील.

सोलापूर-पुणे, २५० किलोमीटर धरा. स्पीडचा काटा ७० ते ७५ वर. रिकामी गाडी लिटरला १४ किलोमीटर देते. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, ५० किलोची ३० पोती, म्हणजे बरोबर दीड टन, भरून नेली की १२.२ पडतं. आता मजा बघा. चादरी-टॉवेलचे गठ्ठे भरले, वजन जेमतेम ८०० किलो, की १०.८. ज्वारीच्या निम्मं वजन आणि डिझेल जास्त! पहिल्यांदा हा आकडा आला तेव्हा मला वाटलं पंपावर मापात मारलं. दुसऱ्या खेपेला पंप बदलला, तरी तेच.

कारण साधं आहे. ज्वारीची पोती फाळक्याच्या आत बसतात, वाऱ्याला कळतही नाही गाडीत काय आहे. टॉवेलचे गठ्ठे केबिनच्या वर तीन-साडेतीन फूट जातात, वर ताडपत्री, आणि ती दोराने नीट आवळली नसेल तर फडफडत जाते. म्हणजे तुम्ही माल नाही, एक भिंत घेऊन चाललेला असता.

वजनाचा हिशेब लाईट बिलातल्या युनिटात केला तर पटकन कळतो. चांगल्या डांबरी रस्त्यावर टायरचा विरोध वजनाच्या साधारण शंभराव्या भागाएवढा असतो. एक टन माल म्हणजे गाडीला मागून १० किलोची ओढ. ती ओढ १०० किलोमीटर सोसायची तर पावणेतीन युनिट ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये जवळपास १० युनिट असतात, पण त्यातला तिसरा हिस्सा कसाबसा चाकापर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होऊन सायलेन्सर आणि रेडिएटरमधून जाते. खड्डे, चढउतार धरून एका टनाला १०० किलोमीटरला साधारण एक लिटर जास्त. बस, इतकंच. माझ्या वहीतली ज्वारी तर याहूनही थोडं कमीच घेते.

वाऱ्याचा हिशेब मात्र सरळ चालत नाही. वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० वरून ८० ला गेलात की वेग सव्वापटीच्या थोडा वर, पण वाऱ्याचा विरोध पावणेदोनपट. आमच्याकडे जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा असतो, म्हणजे पुण्याला जाताना थेट तोंडावर. टेंभुर्णी ते भिगवण, उजनीच्या पाण्याकडून येणारा वारा आषाढात स्टिअरिंग हलवतो. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असला की ७० ने चाललेली तुमची गाडी वाऱ्याच्या लेखी ९० ने चाललेली असते. माझ्या वहीत आषाढातल्या पुण्याच्या फेऱ्या एक-दीडने कमी आणि येतानाच्या तेवढ्याच जास्त आहेत.

अमेरिकेचं कोडंही इथेच सुटतं. तिकडच्या फोर्ड, रॅम, शेवरोलेच्या मोठ्या पिकअपमध्ये ६.६-६.७ लिटरची डिझेल इंजिनं असतात, आपल्या गाडीच्या अडीचपट. ८,५०० पौंडांच्या, म्हणजे साधारण ३,८५० किलोच्या वरच्या ग्रॉस वजनाच्या पिकअपला तिथे सरकारी ॲव्हरेजचा स्टिकर लागत नाही, म्हणून मालक स्वतःच मोजून आकडे सांगतात. ते आकडे मैल प्रति गॅलनमध्ये असतात, त्याला ०.४२५ ने गुणा की आपलं किलोमीटर प्रति लिटर निघतं. २० चा आकडा म्हणजे आपले साडेआठ, १० चा म्हणजे सव्वाचार. आणि मागे काय जोडलेलं असतं? राहायची खोली. दहा फूट उंच, चपट्या तोंडाची, आणि ताशी १०० च्या वर पळवलेली. निम्म्यावर येणारच. तीच गाडी सपाट ट्रेलरवर तेवढ्याच वजनाचं लोखंड ठेवून सावकाश नेली तर चित्र वेगळं दिसतं.

आता पैशाकडे या. हे मी पहिलं वर्षभर चुकलो, म्हणून सविस्तर सांगतो.

मी भाडं ठरवताना मनात धरायचो की भरून जाताना खूप डिझेल लागतं, येताना काय, रिकामीच तर यायची. म्हणून जायचं भाडं बरं घ्यायचो आणि परतीचं डिझेल अंदाजाने थोडंफार धरायचो. वर्षाच्या शेवटी वही घेऊन बसलो. ज्वारी घेऊन पुण्याला जायला साडेवीस लिटर. रिकामी यायला १८ लिटरला थोडं कमी. दीड टन माल नेल्याचा जादा खर्च अडीच लिटर! डिझेल ९० रुपये धरा, सव्वादोनशे-अडीचशे रुपये. आणि रिकाम्या गाडीत मी एकटा, रेडिओ आणि शेंगाचटणीची पुडी घेऊन आलो, त्याला सोळाशे रुपये. त्यावर सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वरचे टोल परत आहेतच, टोलनाका गाडी भरलीय की रिकामी ते विचारत नाही.

म्हणून आता माझा नियम: परतीचं भाडं पडेल त्या दराने उचलतो. पुण्यातून सोलापूरला येणारा कसलाही माल, मशिनचे पार्ट, फर्निचर, कुणाचं बिऱ्हाड. हजार रुपये मिळाले तरी डिझेलचे वरचे दोनशे गेले आणि आठशे राहिले. शेजारच्या गाडीवाल्यांना वाटतं हा दर पाडतो. मार्केट यार्डात यावरून एकदा चांगलं वाजलंही आहे.

याच हिशेबातून एक वाईट गोष्टही बाहेर पडते, ती लपवत नाही. पासिंगपेक्षा ५०० किलो जास्त भरले तर पुण्यापर्यंत जेमतेम सव्वा लिटर जास्त लागतं. डिझेल ओव्हरलोडची शिक्षा करतच नाही, म्हणून तर सगळे भरतात. शिक्षा करतात ते स्प्रिंगचे पाटे, क्लच, मागचे टायर आणि ब्रेक. मे महिन्यात सोलापूरचा रस्ता भाजत असतो, पारा ४३ वर, अशात ओव्हरलोड गाडीचा टायर फुटतो तेव्हा वाचवलेली सगळी भाडी एका दिवसात जातात. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असा दंड आहे, जादा माल उतरवायला लावतात तो वेगळाच.

घाटाबद्दल विचारलं नाहीत, पण तुळजापूरचं भाडं तुम्हाला लागणारच. सोलापूर ते तुळजापूर उंचीत साधारण २०० मीटरचा फरक. भरलेली गाडी तेवढी वर चढवायला अर्धा लिटर, रिकामी चढवायला पाव लिटर. घाट चढताना इंजिन ओरडतं म्हणून माणूस घाबरतो, हिशेब एवढाच आहे. पण उतरताना न्यूट्रल मारू नका. जुन्या पंपाच्या गाड्यांपासून आलेली ही सवय आहे. आताच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे डिझेल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो अशा इंजिनात, गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेल बंदच होतं, चाकं इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळत राहतं. म्हणजे वाचत काही नाही, आणि भरलेली गाडी फक्त ब्रेकवर उतरते. तापलेला ब्रेक पायाखाली रिकामा जाताना मी एकदा अनुभवलाय. मागे दीड टन होतं आणि पुढे नवरात्रातले पायी चाललेले भाविक. त्या दिवसानंतर घाटात दुसरा-तिसरा गिअर सोडत नाही.

गावातलं ॲव्हरेज मात्र वजनाला खरंच घाबरतं. भरलेली गाडी ४० वर नेऊन ब्रेक मारला की साधारण २० मिली डिझेल ब्रेकच्या उष्णतेत गेलं समजा. ५० वेळा थांबलात, एक लिटर संपलं. एमआयडीसीतून सकाळी निघून शहरात पाच दुकानांना माल टाकायचा असेल तर ९-१० च्या वर अपेक्षाच ठेवू नका. वजनकाट्यावर, अडतीसमोर रांगेत इंजिन चालू ठेवून बसलात तर तासाला अर्धा-पाऊण लिटर. आणि गाडी बीएस-६ असेल तर नुसत्या गावातल्या फेऱ्यांनी डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोंदतो. तो जाळून साफ करायलाही डिझेलच लागतं. अधूनमधून हायवेवर काढा.

सेकंडहँड घेताना विकणाऱ्याने सांगितलेलं ॲव्हरेज कानाआड करा. पंपावर टाकी फुल करा, मोहोळपर्यंत नाही, किमान शंभर-दीडशे किलोमीटर जाऊन या, त्याच पंपावर, जमलं तर त्याच नोझलवर, पहिल्या कटला थांबवून परत भरा. किलोमीटर भागिले लिटर. मीटरवर दिसणाऱ्या आकड्यावर जाऊ नका, माझा तर नेहमी एकाने जास्त दाखवतो.

आता ट्रॉली. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या हंगामात मी दोन वर्षं जनरेटर टोचन लावून ओढलाय. जनरेटर आणि ट्रॉली मिळून दोन टनांच्या आत. बार्शीपर्यंत ७० किलोमीटर, ४५-५० ने, साडेदहा पडलं. नुसता जनरेटर हौद्यात असता तर त्याच रस्त्याला १२ च्या आसपास मिळालं असतं. दीडचा फरक कुठे गेला? ट्रॉलीच्या सांगाड्याचं नि चाकांचं वजन, दोन जादा टायर, आणि पिकअप व ट्रॉलीच्या मधल्या मोकळ्या जागेत घुसणारा वारा. शिवाय प्रत्येक स्पीडब्रेकरला दुसऱ्या गिअरवर यावं लागतं, नाहीतर हूक आपटतो. एकदा मंडपवाला म्हणाला, "मालक, लग्न सातला आहे, जरा दाबा." ६५ ला नेली. ट्रॉली शेपटासारखी डुलायला लागली आणि ॲव्हरेज नऊवर आलं. वेळ किती वाचला? वीस-पंचवीस मिनिटं.

डुलण्याचं कारण बहुतेक वेळा वजनाची मांडणी असते. ट्रॉलीच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर आला पाहिजे. जनरेटर मागे सरकवून बसवला असेल तर हूक वर उचलला जातो आणि मागची ट्रॉली पुढची गाडी चालवायला लागते. मंडपवाल्याला आधी हे विचारा, ट्रॉलीचे कागद आहेत का तेही विचारा, आणि दर ठरवताना डिझेलपेक्षा वेळ जास्त धरा, कारण बार्शीच्या एका फेरीत अर्धा दिवस जातो.

आणि निघाल्यावर आठ-दहा किलोमीटरला गाडी बाजूला घ्या, खाली उतरून ट्रॉलीच्या दोन्ही चाकांच्या ड्रमजवळ हात न्या. माझ्या पहिल्या फेरीला डाव्या चाकाजवळ हात धरवेना. ब्रेक धरून बसला होता, आणि मी तो तसाच ओढत आलो होतो.