मशीन पाणी कमी घेतं, म्हणून एफडी मोडू का?

फोंड्याहून एका ताईंनी विचारलंय: सात वर्षांचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन पाणी फारच कमी घेतं, काचेतून दिसतसुद्धा नाही, आणि कपड्यांत साबण राहतो. मेकॅनिक म्हणतो पीसीबी, म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, गेलाय, ९,५०० रुपये लागतील. दुकानात नवं ३६,००० ला आहे, क्रेडिट कार्डावर १२ बिनव्याजी हप्ते. की चवथीआधी ५०,००० ची एफडी मोडून रोखच घ्यावं?

ताई, पैशांचं नंतर बोलू. काचेतून पाणी न दिसणं हा फ्रंट लोडचा स्वभावच आहे. कपडे उचलून आपटले जातात, त्यांना बुडायला पाणी लागत नाही. साबण राहतो तो बहुतेकदा पावडर जास्त पडल्याने. पण भरायला खूप वेळ लागत असेल, मध्येच एरर येत असेल, तर दुखणं खरं.

तरी आधी फुकटातले उपाय करा. मशीनचा नळ दहा लिटरच्या बादलीत पूर्ण सोडा. भरायला दोन मिनिटांहून जास्त लागली, तर दाब कमी आहे. टाकीतलं पाणी नळापेक्षा तीन मीटर वर असेल तर दाब जेमतेम ०.३ बार मिळतो. तुमच्या मशीनला किमान किती लागतो ते पुस्तिकेत असतं. मग प्लग काढा, नळ बंद करा आणि मागचा पाइप फिरवून सोडवा. आत बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची जाळी दिसेल. ती पक्कडीने अलगद ओढा. आमच्या घरच्या जाळीवर पावसाळ्यानंतर चिऱ्याच्या रंगाचा गाळ इतका घट्ट बसला होता की जुन्या टूथब्रशने पाच मिनिटं घासावं लागलं. खर्च शून्य. आणि सांडपाण्याचा पाइप न्हाणीत जमिनीवर तर टाकलेला नाही ना? तो पुस्तिकेतल्या उंचीवर, साधारण ६० सेंटीमीटरच्या वर अडकवावा लागतो. खाली पडला की मशीन भरत असतानाच पाणी निघून जातं आणि बिचाऱ्या पीसीबीवर आळ येतो.

एवढं करूनही फरक नसेल, तर मेकॅनिकला एकच विचारा: पाणी आत सोडणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हला वीज पोचते का, मीटर लावून पाहिलंत? वीज पोचते पण पाणी येत नाही, तर दोष व्हॉल्व्हचा. वीजच पोचत नसेल तर वायर किंवा पीसीबी. पाण्याची पातळी मोजणाऱ्या प्रेशर स्विचची बारीक नळी साबणाच्या गाळाने तुंबली, तरी मशीनला पातळी कळत नाही. तीही त्याच्याकडून तपासून घ्या.

आता हिशेब. नवं मशीन दहा वर्षं चाललं असं धरलं, तर वर्षाला ३,६०० पडतात. ९,५०० खर्चून जुनं तीन वर्षं चाललं तर वर्षाला सुमारे ३,२००. म्हणजे बरोबरीच, आणि सात वर्षांच्या मशीनचं बेअरिंग कधी बोलेल सांगता येत नाही. म्हणून पीसीबीच गेल्याचं मीटरने दाखवलं, तर मी नवंच घेईन. व्हॉल्व्ह दीड-दोन हजारांत होत असेल, तर एक वर्ष चालला तरी परवडला.

नवं घ्यायची वेळ आलीच, तर बिनव्याजी या शब्दावर भाळू नका. बँक व्याज लावतेच, दुकान तेवढी सूट देतं. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्याच खिशातून जातो. १५ टक्के दर धरला तर ३६,००० वर सुमारे ५०० रुपये, प्रोसेसिंग फी वेगळी. हे फार नाही. खरा तोटा रोखीची सूट हुकण्यात असतो, म्हणून हप्त्यांचं नाव काढण्याआधी दुकानदाराला रोखीचा भाव विचारा. सूट हजाराच्या आत असेल तर हप्ते घ्या, महिन्याला ३,००० तुमच्या पगारातून निघतील. पण एकही हप्ता चुकता कामा नये, क्रेडिट कार्डाचं व्याज फार जड असतं.

एफडी डिसेंबरात पिकते असं तुम्हीच लिहिलंय. ती राहू दे. चवथीला पाहुणे आले तर चादरी दोन दिवस हाताने धुवा.