डिजिटल बाजारपेठांच्या अर्थशास्त्रावर पीएचडी करायची आहे. निधी कुठे मिळतो, आणि कंपनीचा पैसा घेतला तर चालतं का?

एमए झालंय, यूपीआय आणि ऑनलाइन बाजारपेठांवर काम करायचंय, एका कंपनीने मदतीची तयारीही दाखवली आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी याच विषयात पीएचडी केली, आता पुण्यात शिकवतो. कंपनीच्या पैशाचं आधी सांगतो, कारण तिथे मी स्वतः पोळलोय.

कंपनीचा पैसा म्हणजे विटाळ, असं मी मानत नाही. जितके जास्त लोक टेलिफोन घेतील तितका माझा टेलिफोन मला जास्त उपयोगी, हा विचार गणितात नीट मांडला जेफ्री रोल्फ्स यांनी, १९७४ मध्ये. ते बेल लॅब्जमध्ये होते, म्हणजे अमेरिकेतल्या टेलिफोन मक्तेदाराच्या पगारावर, आणि लेख छापून आला तोही बेलच्याच जर्नलमध्ये. कंपनीने १९७० मध्ये पिट्सबर्गला पिक्चरफोन, म्हणजे समोरच्याचा चेहरा दाखवणारा फोन, सुरू केला होता आणि तो काही केल्या खपेना. पलीकडच्याकडे पिक्चरफोन नसेल तर मी घेऊन बघायचं कुणाला? तुमच्या विषयाचा उगम असा एका मक्तेदाराच्या खर्चाने झालेला आहे. पुढे १९८४ मध्ये सरकारने ती कंपनी फोडली, जर्नल रँड या संशोधन संस्थेकडे गेलं आणि आजही त्यात लेख छापून येणं मानाचं समजतात.

पण २०१७ ची गोष्टही माहीत असू द्या. गूगलने प्राध्यापकांना संशोधनासाठी ५,००० पासून ४,००,००० डॉलरपर्यंत रकमा दिल्याची बातमी वॉल स्ट्रीट जर्नलने छापली. त्यातल्या काहींनी आपल्या लेखात हा पैसा सांगितलाच नव्हता. त्याच सुमारास ज्या संस्थेने अशा लेखांची मोठी यादी जाहीर केली, तिला गूगलची प्रतिस्पर्धी ओरॅकल पैसे देत होती. पैसा दोन्हीकडून येतो. म्हणून कुणाचा घेतला हे पहिल्याच पानावर लिहायचं. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने २०१२ मध्ये आपल्या जर्नल्ससाठी नियमच केला: विषयाशी हितसंबंध असलेल्या कुणाकडून मागच्या तीन वर्षांत १०,००० डॉलर किंवा जास्त मिळाले असतील तर नाव जाहीर करा. तुम्ही रुपयापासून करा.

आता माझं. एका पेमेंट कंपनीने मला दुकानदारांच्या व्यवहारांचे आकडे दिले, वर प्रवासखर्च. करारात एक ओळ होती, ‘प्रकाशनापूर्वी कंपनीची लेखी संमती आवश्यक’. गाइड म्हणाले, असतंच असं, कर सही. मी केली. प्रकरण लिहून पाठवलं आणि अकरा महिन्यांनी उत्तर आलं, हे आकडे वापरता येणार नाहीत. दोन वर्षांचं काम गेलं.

मग वही घेऊन मंडईत उभा राहिलो. एका भाजीवाल्या मावशींच्या काट्याला दोन क्यूआर चिकटवलेले होते. यूपीआयमध्ये गिऱ्हाइकाचं ॲप कुठलंही असो, एका क्यूआरवर काम भागतं. मग दोन कशाला? मावशी म्हणाल्या, “ह्या कोडवर जमा झालं की कर्जाचा हप्ता रोजच्या रोज कापून घेतात. सकाळी हा दाखवते. हप्त्यापुरतं झालं की दुसरा.” आणि पैसे जमा झाल्याचं मोठ्याने सांगणारा डबा एकच, कारण दोन डब्यांचं भाडं परवडत नाही. कंपनीच्या आकड्यांत हे मला कधीच दिसलं नसतं, तिला तिचाच क्यूआर दिसतो. गिऱ्हाइकाच्या बाजूने यूपीआयचं जाळं सगळ्यांना मोकळं आहे, दुकानदाराला मात्र कर्ज आणि डबा धरून ठेवतात. माझा प्रबंध शेवटी यावरच उभा राहिला, आणि खर्च झाला तो बसभाडं आणि चहाचा.

निधीचं थोडक्यात सांगतो. यूजीसीची जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये, तोच सगळ्यात मोकळा पैसा, काय लिहायचं ते कुणी सांगत नाही. त्यासाठी जीव तोडून अभ्यास करा. आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, हिच्या योजनांवर लक्ष ठेवा. बाहेर न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्टर्न स्कूलमधल्या निकोलस इकॉनॉमिडीस यांची नेट इन्स्टिट्यूट नेटवर्क उद्योगांवरच्या कामाला उन्हाळी अनुदानं देत आली आहे (परीक्षेच्या नेटशी हिचा संबंध नाही). अमेरिकेत एनबीईआर या अर्थशास्त्र संशोधन संस्थेचा डिजिटायझेशनवरचा कार्यक्रम स्लोन फाउंडेशनच्या मदतीवर उभा राहिला. तिथले लेख वाचून तुमचा प्रश्न कुठे बसतो ते ठरवा.

आणि जे फुकट आहे ते आधी वापरा. कुठल्या ॲपवर किती व्यवहार झाले ते एनपीसीआय, म्हणजे यूपीआय चालवणारी संस्था, दर महिन्याला जाहीर करते. एका ॲपचा वाटा ३० टक्क्यांवर नसावा, असं एनपीसीआयने २०२० मध्ये ठरवलं, पण अंमलबजावणीची मुदत लांबत २०२६ अखेरपर्यंत गेली, आणि दोन ॲप्सकडे मिळून सुमारे ८० टक्के व्यवहार आहेत. यावर एक अख्खी पीएचडी होते, कुणाच्या परवानगीशिवाय. स्पर्धा आयोगाचे आदेशही वाचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड झाला, त्या आदेशात फोनवर आधीपासून घातलेली ॲप्स बाजार कसा बांधून ठेवतात ते सविस्तर आहे.

तुमच्या कंपनीचा करार आला की ‘संमती’ हा शब्द शोधा. तो खोडून असं लिहून मागा: गोपनीय माहिती तपासायला कंपनीला तीस दिवस, त्यानंतर प्रकाशनाचा निर्णय संशोधकाचा. मान्य केलं तर आकडे घ्या. नाही म्हणाले तर सही करू नका, गाइड काहीही म्हणोत.