शब्दांची पेठ : जेली ‘संच’ होईपर्यंत

प्रश्न : नाना, स. न. वि. वि. माझी नात पाचवीत आहे, इंग्रजी माध्यमात. परवा तिला ‘सेट’ या शब्दाचे दहा अर्थ लिहून न्यायचे होते. कोश उघडला तर संपता संपेना. मला म्हणाली, “आजी, एका शब्दाचे एवढे अर्थ? तुमच्या मराठीत बरं आहे, असलं काही नसतं.” या शब्दाला इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ आहेत म्हणतात, ते खरं का? आणि पोरीला समजावू कसं? — एक आजी, कोथरूड

उत्तर : ताई, या शब्दाने माझीही एकदा फजिती केली आहे. शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात मी मुद्रितं तपासायचो. पाककृतींचं एक भाषांतरित पुस्तक आलं होतं. त्यात एक वाक्य होतं, ‘जेली संच होईपर्यंत फ्रीजमध्ये ठेवावी.’ माझ्या डोळ्यांखालून ते तसंच गेलं आणि छापूनही झालं. पुस्तक घरी नेल्यावर बायकोने विचारलं, “एका जेलीचा संच कसा होतो हो?” त्यानंतर मी ‘सेट’च्या वाटेला जाताना चष्मा पुसून जातो.

आधी मानाचं सांगतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची वीस खंडांची दुसरी आवृत्ती 1989 साली आली. तिच्यात ‘सेट’ या क्रियापदाचे सुमारे 430 अर्थ दिलेले आहेत आणि त्या नोंदीत जवळपास 60,000 शब्द आहेत. एवढ्या मजकुरात आमच्याकडे दोनशे पानांची कादंबरी निघायची. पुढे तिसऱ्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ने त्याला मागे टाकलं. त्याच्या नुसत्या क्रियापदाचेच 645 अर्थ भरले. माणूस पळतो, यंत्र चालतं, दुकान चालतं, नाक वाहतं, या सगळ्याला त्यांच्याकडे ‘रन’. तेव्हा नातीने वर्गात ‘सगळ्यात जास्त’ म्हणू नये, ‘बराच काळ पहिला होता’ म्हणावं.

खरी गंमत पुढे आहे. ‘सेट’ दिसायला एक शब्द असला तरी मुळात ते दोन आहेत. तुळशीबागेतून स्टीलच्या डब्यांचा सेट आणतो, त्यातला ‘सेट’ जुन्या फ्रेंचमधून आलेला, मुळात लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे अनुयायी, पंथ. ‘सेक्ट’ हा इंग्रजी शब्द त्याचाच भाऊ. एकामागोमाग एकात बसणारे डबे हा एक पंथच की! नववीच्या गणितातला ‘संच’ आणि टेनिसमधला सहा गेमचा ‘सेट’ही याच घरचे. दुसरा ‘सेट’ अस्सल जुना इंग्रजी. ‘सिट’ म्हणजे बसणे, त्याचं प्रयोजक रूप ‘सेट’, म्हणजे बसवणे. पुढे एकसारखे दिसू लागल्यावर दोघं एकमेकांत मिसळले, इतकंच.

माझ्याच तोंडातलं उदाहरण देतो. मला कवळी आहे. तो दातांचा सेट, म्हणजे पंथवाला. तो लावल्यावर दंतवैद्य म्हणाले, “काका, सेट व्हायला महिना लागेल.” हा बसण्यातला. दोन्ही सेट एकाच तोंडात सुखाने नांदतात.

आता ‘बसवणे’ हातात घेऊन नातीचे दहा अर्थ मोजा. सराफ अंगठीत खडा बसवतो, डॉक्टर हाड बसवतात, गवंडी फरशी बसवतो, आपण भाद्रपदात गणपती बसवतो. मराठीत सगळीकडे एकच क्रियापद, आणि यातल्या पहिल्या तिन्ही जागी इंग्रजी माणूस ‘सेट’ म्हणेल. आमच्या न्हाणीघरात फरशी घातली तेव्हा गवंडी ओरडला होता, “काका, पाय नका देऊ, सेट होऊ द्या.” सिमेंटला सुरुवातीचं घट्ट व्हायला निदान 30 मिनिटं लागावीत आणि पूर्ण घट्ट व्हायला 600 मिनिटांपेक्षा जास्त लागू नयेत, असं भारतीय मानकच आहे. मी बाविसाव्या मिनिटाला आत पाय टाकला होता. ठसा अजून आहे.

जिथे ‘बसवणे’ बसत नाही तिथे ‘लावणे’ किंवा ‘लागणे’ घालून पाहा. गजर लावतो, कवितेला चाल लावतो, दही लागतं. ‘जेली संच होईपर्यंत’ऐवजी ‘जेली घट्ट लागेपर्यंत’ लिहिलं असतं तर मी वाचलो असतो. शेपूट असेल, म्हणजे ‘सेट ऑफ’, ‘सेट आउट’ असं काही, तर मात्र हा उपाय सोडायचा. ‘सेट ऑफ’ म्हणजे निघणे. बसवण्याचा शब्द चक्क चालायला लागला! ही शेपटं वेगळी पाठ करावीत, त्यांच्यापुढे माझाही इलाज नाही.

आणि ‘तुमच्या मराठीत असलं काही नसतं’ याचं उत्तर द्यायला तिला समोर बसवा. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, फोन लागतो, आंब्याला कैऱ्या लागतात, लग्न लागतं, चव गोड लागते, हा तुझा कोण लागतो? मोल्सवर्थसाहेबांच्या 1857च्या कोशात ‘लागणें’ उघडून द्या. वेळ लागेल, पण तिची खात्री पटेल. ‘बसणे’ही कमी नाही. घसा बसतो, धंदा बसतो, विश्वास बसतो, फटका बसतो.

शिवाय ‘सिट’चं मूळ आणि आपल्या संस्कृतातला ‘सद्’ धातू एकाच कुळातले. सदन, संसद, सभासद, उपनिषद सगळे त्यातलेच. पुढच्या वेळी टिळक रस्त्याने जाताना साहित्य परिषदेची पाटी नातीला दाखवा. ‘परिषद’ म्हणजे भोवती बसणं.

प्रश्न : नाना, दोनदा सेटची परीक्षा दिली, निघाली नाही. घरचे म्हणतात, “सेट कधी होणार?” आता हा कुठला सेट समजू? — एक विद्यार्थी, सदाशिव पेठ

उत्तर : तुमची सेट ही नुसती आद्याक्षरं आहेत, ‘स्टेट एलिजिबिलिटी टेस्ट’ची. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ ती महाराष्ट्र आणि गोव्यासाठी घेतं. तिचा वरच्या दोन्ही घराण्यांशी संबंध नाही. घरच्यांच्या मनात आहे तो शब्द ‘सेटल’. त्याचं मूळ जुन्या इंग्रजीतल्या ‘आसन’ अर्थाच्या शब्दात आहे, म्हणजे पुन्हा बसणंच. तेव्हा तूर्त अभ्यासाला बसा.