वाचक विचारतात : बोट्सवाना, स्वतःच्या हाती स्टिअरिंग

मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत माउन गावाहून गाडी भाड्याने घेऊन मध्य कालाहारी, मोरेमी, सावुटी ही राखीव रानं करत कसाने गावाला पोचायचा बेत आहे. तेव्हा ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशात पाणी असतं का? (पुणे)

असतं. अंगोलाच्या उंच भागात जानेवारी-फेब्रुवारीत पडलेला पाऊस या नदीने खाली येतो, पण त्रिभुज प्रदेशाचा उतार नाममात्र असल्याने माउनपर्यंत यायला त्याला जून-जुलै उजाडतो. म्हणजे पूर येतो तो ऐन कोरड्या ऋतूत. मेमध्ये वरचा भाग भरलेला असतो, पाऊस संपलेला असतो, दिवस सुखाचे असतात. कालाहारीत रात्री मात्र चांगलंच गारठतं, तेव्हा जाड स्लीपिंग बॅग हवीच. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर ख्वाई आणि चोबे या नद्यांकाठी जनावरांची गर्दी दिसेल, पण ऊन चाळिशीला टेकलेलं असतं. मुलं लहान असतील तर आमचं मत मेच्या बाजूने. त्याची किंमत एकच : गवत. त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

वाळूत टायरची हवा किती ठेवायची? आणि गाडीसोबत रेडिएटरपुढे लावायची जाळी देतात, ती खरंच लागते का? (कोल्हापूर)

भरलेल्या गाडीला डांबरी रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय, खडीवर २६च्या आसपास, खोल वाळूत १८ ते २०. हवा कमी केली की टायर रुंद होतो त्यापेक्षा जास्त लांबट टेकतो, वजन पसरतं आणि चाक रुतत नाही. टायर तापलेला असताना गेज जास्त आकडा दाखवतो, हे लक्षात ठेवून मोजा. एवढ्या कमी हवेवर ताशी ४०च्या पुढे जायचं नाही आणि झटक्यात वळवायचंही नाही, नाहीतर टायर रिममधून सुटतो. डांबर लागलं की आधी हवा भरा. आळस केला तर टायरची बाजू तापून फाटते, आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात टायर बहुधा धरलेला नसतो. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला जोडून, इंजिन चालू ठेवून वापरा.

वाळू दिसली की आत शिरण्याआधीच लो रेंज (फोर-व्हील गाडीतली कमी वेग, जास्त जोर देणारी गिअरची जोडणी), दुसरा गिअर. थांबायचं तर ब्रेक दाबू नका, गाडी आपोआप थांबू द्या. ब्रेकने चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो. रुतलातच तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका. चाकं खोल जातात आणि डिफरन्शियल (दोन चाकांमधल्या आसावरचा गिअरचा गोळा) वाळूवर टेकतं, मग काहीच हलत नाही. फावड्याने चाकांभोवतीची आणि डिफरन्शियलखालची वाळू काढा, हवा १५वर आणा आणि आलात त्याच चाकोरीतून मागे घ्या. सकाळी वाळू घट्ट असते, दुपारी तापून भुसभुशीत होते. अवघड टप्पा सकाळी उरका.

आता जाळी. लागते, आणि मेमध्ये तर हमखास. पावसाळ्यानंतर कालाहारीत दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर गवत कमरेएवढं वाढतं, त्याचं बी रेडिएटरच्या पात्यांत बसतं आणि तापमानाचा काटा चढतो. दर तासाला थांबून जाळी झटका. काटा चढलाच तर एसी बंद करून गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करा, इंजिन थोडा वेळ नुसतं चालू ठेवा. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

याहून धोक्याचं ते गाडीच्या पोटाखाली. सायलेन्सर आणि संरक्षक पत्र्याच्या फटीत वाळलं गवत गच्च बसतं आणि पेट घेतं. अशा जळून गेलेल्या गाड्या तिथे नवलाई नाहीत. हातमोजे घालून, वाकवलेल्या तारेने ते ओढून काढा. अग्निशामक सामानाखाली दडवू नका, सीटजवळ ठेवा. गरम गाडी वाळल्या गवतावर उभी करू नका.

चौघं शाकाहारी आहोत. पाणी, डिझेल आणि शिधा किती घ्यावा? (नाशिक)

मध्य कालाहारीत पिण्याचं पाणी नाही असंच धरून चाला. माणशी रोज ६ लिटर. चौघांना चार दिवसांचे ९६, वर ३० राखीव. एकाच टाकीवर विसंबू नका, वेगवेगळ्या कॅनमध्ये भरा. एखादा कॅन खडखडीत रस्त्यावर चिरतोच. डांबरावर लिटरला ९ किलोमीटर देणारी गाडी वाळूत ६ देते. मोरेमी-सावुटीमार्गे माउन ते कसाने सुमारे ४०० किलोमीटर आणि प्राणी पाहत फिरण्याचे २०० धरले तर १०० लिटर जळतील. १२० घेऊन निघा.

लाळ्या-खुरकूत रोगासाठी घातलेल्या कुंपणांवरच्या नाक्यांत कच्चं मांस काढून घेतात. तुम्हाला त्याची चिंता नाही, पण बुटांचे तळवे औषधात बुडवायला लावतील. सगळ्या जोड्या हाताशी ठेवा. डाळ-तांदूळ, पोहे, मेतकूट पुरेल. गॅसची टाकी विमानात चालत नाही, ती तिथेच घ्या. संत्री-मोसंबी नकोत, वासाने हत्ती गाडीशी येतात.

मुक्कामाच्या तळांना कुंपण नसतं म्हणे. रात्री काय काळजी घ्यायची? (ठाणे)

तंबू टपावरचा असो की जमिनीवरचा, चेन पूर्ण बंद. त्यात खाण्याचं काहीही नको, बिस्किटाचा पुडासुद्धा. बूट बाहेर ठेवलेत तर तरस पळवतो. जमिनीवरचा तंबू पाणघोड्याच्या वाटेवर लावू नका. काठाशी दोन समांतर पायवाटा आणि मध्ये उंचवटा दिसला की ती त्याचीच. अंधार पडल्यावर मुलांना एकटं सोडू नका, स्वच्छतागृहापर्यंतही नाही. रात्रीसाठी तंबूत झाकणाची बादली ठेवा. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

दिवसा पाणी ओलांडताना खोली बघायला पायी उतरायचं नाही, मगरी असतात. फाटकावर विचारा, दुसरी गाडी जाऊ द्या. अर्ध्या मीटरपर्यंत लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये एकसारख्या वेगाने जा, मध्ये क्लच दाबू नका.

कागदपत्रं? (सांगली)

आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना, मुलांचे इंग्रजी जन्मदाखले, तळांचं आगाऊ आरक्षण. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू करा. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे येणार असाल तर पीतज्वराच्या (यलो फीवर) लसीचं कार्ड जवळ असू द्या. लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. कार्ड नसेल तर परतल्यावर विमानतळावरून ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात पाठवू शकतात.