स्विमिंग पूलचा पंप घेताय? आधी लिटर मोजा

दादा, पंपाचा एचपी नंतर ठरवा, आधी पाणी मोजा. ८ × ४ मीटरचा, सरासरी १.२ मीटर खोल पूल म्हणजे साधारण ३८,००० लिटर. ते सगळं ६ तासांत एकदा फिल्टरमधून फिरायला हवं, म्हणजे तासाला साडेसहा हजार लिटर. त्याला ५०० मिमी व्यासाचा सँड फिल्टर पुरतो. पंप मोठा घेतलात तर वाळूतून पाणी जोरात जातं आणि गाळ परत पूलमध्ये येतो. नवखे इथेच फसतात.

विहिरीवरचा मोनोब्लॉक पंप लावू नका. त्याला कचरा अडवणारी जाळीची टोपली नसते आणि क्लोरीनने त्याचं बीड (ओतीव लोखंड) गंजतं.

ठिबकचा सँड फिल्टर तुम्ही वापरलाच असेल, बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून वाळू धुणं, नवा नाही. फरक एवढाच: ठिबकला आपण पंप चालू ठेवूनच व्हॉल्व्ह फिरवतो. इथे मल्टिपोर्ट व्हॉल्व्हची (फिल्टरवरचा, पाण्याची वाट बदलणारा व्हॉल्व्ह) दांडी फिरवण्याआधी पंप बंद म्हणजे बंद! नाहीतर आतलं चाकासारखं रबर फाटतं आणि बॅकवॉशच्या पाइपातून पाणी गळत राहतं.

सुरुवातीला एवढंच:

- वाळू स्वच्छ असतानाचा फिल्टरवरच्या प्रेशर गेजचा आकडा लिहून ठेवा. त्यावर अर्धा बार चढला की बॅकवॉश, व्हॉल्व्हच्या काचेत पाणी नितळ दिसेपर्यंत. मग अर्धा मिनिट रिन्स, म्हणजे सुलट पाण्याने वाळू खळखळून घ्या.
- पंपाची टोपली रोज बघा. चैत्र-वैशाखात वावटळी सुटल्या की दिवसातून दोनदा.
- टोपलीच्या झाकणाखाली बुडबुडे दिसले तर ओ-रिंग (झाकणाची रबरी कडी) पुसून सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं.

व्होल्टेज पडतं तिथे ओव्हरलोड रिले (मोटर जास्त करंट ओढू लागली की ती बंद करणारा) हवाच. केमिकलचं नंतर बघू.