वाचकांचे प्रश्न : गेमिंग लॅपटॉपचे तापमान आणि पंख्यांचा आवाज

प्रश्न : माझा गेमिंग लॅपटॉप तीन वर्षांचा आहे. खेळ सुरू केल्यावर दहाएक मिनिटांत प्रोसेसरचे तापमान ९५ अंश सेल्सिअसवर आणि ग्राफिक्स चिपचे ८५ अंशांवर जाते, आणि पंख्यांचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येतो. नवा होता तेव्हा इतका त्रास नव्हता. खालच्या झाकणाला भोके पाडावीत, उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांवर (हीट पाइपवर) तांब्याच्या पट्ट्या चिकटवाव्यात आणि चिपवरच्या उष्णतावाहक लेपाऐवजी (थर्मल पेस्टऐवजी) द्रवरूप धातू म्हणजे लिक्विड मेटल वापरावे, असे मी ठरवत आहे. यांपैकी काय करावे आणि कोणत्या क्रमाने?

उत्तर : आपल्या प्रश्नातील ‘नवा होता तेव्हा इतका त्रास नव्हता’ हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जी रचना तीन वर्षांपूर्वी हेच काम नीट करत होती, तिला नवे काही जोडण्याआधी तिच्यात काय बिघडले आहे ते पाहिले पाहिजे. आपण सुचवलेल्या तीन उपायांपैकी भोके बुजवता येत नाहीत, लिक्विड मेटल सांडले तर यंत्र जाते आणि पट्ट्यांचा उपयोग फारसा होत नाही. म्हणून हे तिन्ही उपाय तूर्त बाजूला ठेवावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

चिपमधील उष्णता थर्मल पेस्टमधून तांब्याच्या थाळीत, तेथून हीट पाइपमध्ये, पाइपमधून धातूच्या पातळ पात्यांच्या जाळीत आणि शेवटी पंख्याने फेकलेल्या हवेत जाते. ही साखळी वयोमानाने दोन ठिकाणी कमकुवत होते. पहिले ठिकाण म्हणजे पंखा आणि जाळी यांच्यामधली जागा. तेथे धुळीचा आणि तंतूंचा दाट थर जमतो, आणि तो जाळीच्या आतल्या बाजूला असल्यामुळे हवा बाहेर पडण्याच्या फटीतून डोकावले तरी जाळी स्वच्छच दिसते. बाहेरून हवेचा फवारा मारल्यास हा थर काही वेळा सुटून पुन्हा पंख्याच्या घरातच पडतो. त्यामुळे झाकण उघडून, सर्वप्रथम बॅटरीची जोडणी सोडवून, पंखा बाहेर काढून तो थर मऊ ब्रशने किंवा चिमट्याने उचलणे हाच खात्रीचा मार्ग आहे. हवेचा फवारा वापरायचाच असेल तर पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. मोकळा पंखा फवाऱ्याने मर्यादेबाहेर फिरला की त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते.

दुसरे ठिकाण पेस्टचे. डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर असते तसे धातूचे आवरण लॅपटॉपच्या चिपवर नसते, तेथे पेस्ट थेट सिलिकॉनवर लागलेली असते. चिप आणि थाळी दर वेळी तापून प्रसरण पावतात व निवून आकुंचन पावतात, आणि अशा शेकडो फेऱ्यांत पेस्ट हळूहळू मधून कडेला ढकलली जाते. तिच्या जागी राहिलेल्या फटीत हवा शिरते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॉट प्रति मीटर केल्व्हिन आणि हवेची अवघी ०.०२६ असते, हे लक्षात घेतले की केसाएवढी फटसुद्धा किती महाग पडते ते कळते. म्हणूनच लॅपटॉपसाठी मी पातळ पेस्टपेक्षा फेज चेंज पॅडची शिफारस करतो. सामान्य तापमानाला तो घट्ट असतो, साधारण ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन चिप आणि थाळीमधल्या बारीक खाचा भरतो, आणि दाट असल्यामुळे कडेला वाहून जात नाही. पहिल्या काही तापण्या-निवण्यानंतरच तो पूर्ण बसतो, त्यामुळे पहिल्याच दिवशीच्या आकड्यांवरून निराश होऊ नये.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. हीटसिंकच्या, म्हणजे थाळी, पाइप आणि जाळी यांच्या जोडणीच्या, स्क्रूंजवळ बहुधा १, २, ३ असे क्रमांक कोरलेले असतात. बसवताना त्याच क्रमाने, प्रत्येक स्क्रू थोडा थोडा आवळत जावे आणि काढताना उलट क्रम पाळावा. एका कोपऱ्याचा स्क्रू आधीच पूर्ण आवळला तर थाळी तिरकी बसते आणि क्वचित चिपचा कोपराही तुटतो.

आता ज्या गोष्टीने बहुतेकांची फसगत होते तिच्याकडे वळतो. एवढे सगळे नीट करूनही प्रोसेसर पुन्हा ९५ अंशच दाखवू शकतो आणि केलेले काम वाया गेले असे वाटते. वस्तुतः आधुनिक प्रोसेसर तापमानाची मर्यादा येईपर्यंत आपला वेग वाढवत राहतो. थंड करण्याची क्षमता सुधारली की तो अधिक वीज घेऊन तीच मर्यादा पुन्हा गाठतो. फायदा झालेला असतो, पण तो वेगाच्या रूपाने मिळालेला असतो. म्हणून केवळ तापमान पाहून निष्कर्ष काढू नये. तापमान, वॉट आणि पंख्याचे दर मिनिटाचे फेरे या तिन्हींची नोंद एकत्र ठेवावी, आणि ती खेळातील एकाच दृश्यावर, किमान वीस मिनिटे चालवल्यानंतर, खोलीच्या तापमानासह घ्यावी. खोली ५ अंशांनी गार असेल तर चिपही साधारण तितकीच गार दिसते आणि त्याचे श्रेय विनाकारण नव्या पॅडला जाते.

आपल्याला आवाज कमी हवा असेल तर सुधारलेली क्षमता प्रोसेसरला गिळू देऊ नये. त्याची वीजमर्यादा खाली आणावी, उदाहरणार्थ खेळताना तो ६५ वॉट घेत असेल तर ४५ वॉटवर, आणि मग पंख्यांचा वेग कमी करावा. बहुतेक खेळांत चित्रांची गती ग्राफिक्स चिपवर अवलंबून असते, त्यामुळे प्रोसेसरच्या या काटछाटीने खेळ फारसा मंदावत नाही. पंख्याचे गणित येथे आपल्या बाजूने उभे राहते. फेरे कमी झाल्यावर हवेचा प्रवाह त्याच प्रमाणात घटतो, पण आवाज त्याहून कितीतरी वेगाने घटतो. फेरे २० टक्क्यांनी कमी केल्यास आवाजाची पातळी सुमारे ५ डेसिबलने उतरते, आणि फेरे निम्म्यावर आणल्यास सुमारे १५ डेसिबलने. म्हणजे थोडीशी उष्णता कमी निर्माण करून मिळणारी शांतता ही आणखी हवा खेचून मिळणाऱ्या थंडाव्यापेक्षा स्वस्त पडते. या विषयात मला मनापासून सांगायचे आहे ते एवढेच की आवाजाचा प्रश्न पंख्यापाशी सुरू होत नाही, तो चिप घेत असलेल्या वॉटपाशी सुरू होतो.

आपल्या तीन कल्पनांचे कारणही देतो. खालच्या झाकणावरील जाळी कोठे उघडी आणि कोठे बंद ठेवायची हे विचारपूर्वक ठरवलेले असते. पंख्याकडे येणारी हवा वाटेत वीजपुरवठ्याच्या भागांवरून, मेमरीवरून आणि माहिती साठवणाऱ्या एसएसडीवरून जावी अशी योजना असते. पंख्याच्या अगदी तोंडाशी मोठी भोके पाडली की हवा तो सोपा मार्ग धरते. चिप दोन-चार अंशांनी गार होते, मात्र ज्यांचे तापमान आपल्याला दिसतच नाही असे भाग तापू लागतात. आपल्याला पाहायचेच असेल तर एका खेळापुरते झाकण काढून, लॅपटॉप ठोकळ्यांवर उचलून, आकड्यांची तुलना करावी. झाकण काढूनही फरक पडत नसेल तर भोकांनी पडणार नाही.

तांब्याच्या पट्ट्यांचा हिशेब सरळ आहे. १०० ग्रॅम तांबे ३० अंशांनी तापवायला सुमारे १,१५० ज्यूल लागतात, आणि १०० वॉट उष्णता सोडणारी चिप तेवढे बाराएक सेकंदांत देते. त्यानंतर त्या पट्ट्यांवरून वेगाने हवा वाहत नसेल तर त्यांचा उपयोग संपला. हीट पाइपची गोष्ट निराळी आहे. १९६३ साली लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ज्या रचनेला हे नाव दिले, तिच्यात धातूच्या बंद नळीतला द्रव तापल्या टोकाला वाफ होतो, गार टोकाला पुन्हा द्रव होतो आणि आतल्या जाळीदार अस्तरातून परत येतो. लॅपटॉपमध्ये नळी तांब्याची आणि द्रव म्हणजे कमी दाबाखाली ठेवलेले थोडेसे पाणी. तितक्याच जाडीच्या भरीव तांब्यापेक्षा अशी नळी कित्येक पट अधिक उष्णता नेते. म्हणून ती वाकवू नये, तिला भोक पाडू नये आणि तिच्यावर सोल्डरिंग करू नये.

लिक्विड मेटल म्हणजे गॅलियमचे मिश्रधातू. ते उष्णता उत्तम वाहते, यात शंका नाही, आणि काही लॅपटॉपमध्ये ते कारखान्यातच भरलेले असते; पण तेथे चिपभोवती अडथळ्याची चौकटही असते. ते वीजवाहक आहे, ॲल्युमिनियमचा नाश करते आणि उघड्या तांब्यात हळूहळू मुरते. लॅपटॉप उचलला, तिरका धरला, पिशवीत टाकला जातो, आणि चिपच्या अगदी कडेला उघडे सूक्ष्म घटक असतात. मिळणाऱ्या काही अंशांसाठी ही जोखीम मला पटत नाही.

प्रश्न : प्रोसेसरचे व्होल्टेज कमी केल्याने तापमान उतरते असे वाचले, पण माझ्या लॅपटॉपमध्ये ती सोयच बंद दिसते. असे का?

उत्तर : डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षात्रुटी उघड झाली. इंटेलच्या प्रोसेसरचे व्होल्टेज सॉफ्टवेअरमधून बदलून त्यांच्या संरक्षित भागातील गणिते चुकवता येतात, असे तीत दिसून आले. त्यानंतर बायोसच्या, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीच्या, सुधारित आवृत्त्यांमधून ही सोय पुष्कळ लॅपटॉपवर कुलूपबंद झाली. काहींच्या बायोसमध्ये ती उघडण्याचा अधिकृत पर्याय असतो. नसल्यास जुनी किंवा परकी बायोस आवृत्ती घालण्याच्या मागे लागू नये.

व्होल्टेजला इतके महत्त्व असण्याचे कारण असे की चिपची कार्यरत वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. तोच वेग १० टक्के कमी व्होल्टेजवर मिळाला तर या विजेत सुमारे १९ टक्के बचत होते. ते कुलूप प्रोसेसरवर असले तरी ग्राफिक्स चिपचा व्होल्टेज आणि वेग यांचा आलेख बहुतेक वेळा बदलता येतो, आणि गेमिंग लॅपटॉपमध्ये जास्त उष्णता तीच सोडते. तेथे हळूहळू खाली यावे आणि प्रत्येक पायरीवर तासभर खेळून पाहावे, कारण अस्थिरता पाच मिनिटांच्या चाचणीत दिसत नाही. प्रोसेसरसाठी वीजमर्यादा कमी करणे हा मार्ग खुला आहेच. विंडोजच्या वीजयोजनेत प्रोसेसरची कमाल अवस्था ९९ टक्के ठेवली तरी पुष्कळ यंत्रांवर टर्बो वेग (मूळ वेगापेक्षा वर जाणारा तात्पुरता वेग) बंद होतो. उपाय ढोबळ आहे, पण परिणाम ताबडतोब ऐकू येतो. शिवाय पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा असताना खेळ १२० चित्रे रंगवत असेल तर तेथे मर्यादा घालावी.

प्रश्न : मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता थाळीपर्यंत नेणाऱ्या मऊ चकत्या) बदलल्यापासून ग्राफिक्स चिप उलट जास्त तापते. पॅड उत्तम दर्जाचे आहेत. काय चुकले असावे?

उत्तर : बहुधा जाडी. मेमरी आणि चिप यांवर एकच थाळी बसत असते आणि पॅडची जाडी त्या दोघांच्या उंचीतील फरकानुसार ठरलेली असते. ०.५ मिलिमीटरच्या जागी १ मिलिमीटरचा किंवा तेवढ्याच जाडीचा पण जास्त कडक पॅड लावला, तर थाळी मेमरीवर टेकते आणि चिपवर अधांतरी राहते. माझ्या स्वतःच्या यंत्रावर मी हीच चूक केली होती आणि दोन दिवस पेस्टला दोष देत बसलो होतो. थाळी काढून चिपवरील पेस्टचा ठसा पाहावा. तो जाड आणि खडबडीत असेल तर निदान पक्के झाले. मूळ पॅडची जाडी त्याच्या न दबलेल्या कडेवर मोजावी. ते शक्य नसेल तर थर्मल पुट्टी (कणकेसारखा मऊ उष्णतावाहक गोळा) वापरावी, कारण ती दाबानुसार हवी तेवढी पातळ होते.

प्रश्न : लॅपटॉपखाली ठेवायचा पंख्यांचा कूलिंग पॅड घ्यावा का?

उत्तर : आधी लॅपटॉपची मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून पाहावी. खालून हवा घेणाऱ्या यंत्रांत पुष्कळदा एवढेच पुरते. साध्या पंख्यांच्या पॅडने त्यावर फारशी भर पडत नाही. भोवती स्पंजची कडा असलेले, हवा दाबाने आत ढकलणारे पॅड तापमान खरोखर उतरवतात, पण त्यांचा स्वतःचा आवाज मोठा असतो. आपल्याला शांतता हवी असेल तर तो व्यवहार तोट्याचा आहे. मांडीवर, गादीवर किंवा उशीवर ठेवून मात्र खेळू नये. हवेचे मार्ग बंद होतात, आणि मांडीवर रोज तापता लॅपटॉप ठेवल्याने त्वचेवर जाळीदार डाग उठल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपचा आवाज यंत्र गार असतानाही येतो, कधी खरखर तर कधी बारीक शिट्टीसारखा. पेस्ट बदलून तो जाईल का?

उत्तर : नाही. खरखर पंख्याच्या झिजलेल्या बेअरिंगची असते. तेलाचा थेंब सोडला तर ती काही आठवडे थांबते आणि परत येते, त्यामुळे त्याच मॉडेलचा पंखा बदलणे श्रेयस्कर. मागवताना पंख्यामागील क्रमांक जुळवून पाहावा, कारण प्रोसेसरकडचा आणि ग्राफिक्सकडचा पंखा सारखे दिसले तरी बरेचदा वेगळे असतात. शिट्टीसारखा आवाज पंख्याचा नसण्याचीच शक्यता अधिक. खेळातील चित्रांची गती बदलताच त्याचा सूर बदलत असेल, तर तो वीजपुरवठ्यातील कॉइलच्या (तारेच्या वेटोळ्यांच्या) कंपनांचा आहे. चित्रांच्या संख्येवर मर्यादा घातल्यास तो पुष्कळदा कमी होतो, आणि त्यासाठी स्क्रूसुद्धा उघडावा लागत नाही.