जुनी अकॉर्ड विकून मियाटा घेऊ का?

प्रश्न: नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला असतो. घरी 2004 ची होंडा अकॉर्ड व्ही-6, म्हणजे सहा सिलिंडरच्या इंजिनाची, आहे. मुलगी आता कॉलेजला गेली, मागची सीट रिकामीच फिरते. मला कधीपासून माझ्दा मियाटा, ती दोनच सीटची, छत उघडणारी छोटी स्पोर्ट्स गाडी, घ्यायचीये, 1992 ची एक हेरून ठेवलीये, पण बायको म्हणते अकॉर्ड विकायची नाही. काय करू?

उत्तर: आधी एक सांगतो, सिग्नलला दोघी शेजारी उभ्या केल्या ना तर तुमची म्हातारी अकॉर्डच पुढे निघून जाईल. तिची ताकद 240 हॉर्सपॉवर आणि मियाटाची 116, आता अकॉर्ड दीड टनाची अन् मियाटा हजार किलोच्याही आत हे धरलं तरी हिशोब अकॉर्डकडेच झुकतो. मग लोक मियाटापायी वेडे का होतात? वळणासाठी हो! अकॉर्डचं इंजिन पुढे आणि गाडी ओढतात तीही पुढचीच चाकं, घाईत वळवली की नाक जड होऊन बाहेर जायला बघते. मियाटात जोर मागच्या चाकांना, वजन पुढे-मागे जवळपास निम्मं निम्मं आणि बूड रस्त्याला टेकल्यासारखं, त्यामुळे स्टिअरिंग जरा हललं की गाडी वळलेलीच असते. माझ्दावाले याला 'जिन्बा इत्ताई' म्हणतात, घोडा आणि स्वार एकजीव.

पण वहिनींचंही चुकत नाहीये. डिकी जेमतेम 124 लिटरची, त्यात बॅटरीपण तिथेच, तांदळाची गोणी ठेवली की भाजी मांडीवर घ्या. आणि 1992 च्या मॉडेलला एअरबॅग फक्त ड्रायव्हरला आहे, वहिनींच्या बाजूला नाही, हे त्यांना आधीच सांगा, नंतर कळलं तर काही खरं नाही.

बघायला जाल तेव्हा मागच्या चाकांच्या पुढचा खालचा पत्रा अंगठ्याने दाबून बघा. कापडी छताचं पाणी जायच्या नळ्या पाल्याने तुंबतात, पाणी तिथे आत साचतं, वर तुमच्याकडे हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर टाकतात ते मीठ, मग गंज आलाच. दाबल्यावर पत्रा कुरकुरला तर सरळ घरी या.

माझं विचाराल तर अकॉर्ड ठेवा, मियाटा उन्हाळ्यापुरती दुसरी गाडी. फक्त टायमिंग बेल्टचं, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणाऱ्या पट्ट्याचं, बघा. मियाटाचा तुटला तर ती नुसती रस्त्यात बंद पडते, अकॉर्डचा तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनच जातं. तिचा बेल्ट 1,05,000 मैल किंवा सात वर्षं, जे आधी होईल तेव्हा बदलायचा असतो, शेवटचं बिल शोधा, नाहीच सापडलं तर मियाटाच्या पैशातून आधी तेवढे बाजूला काढा.